महापुरात भिजलेला सप्लाय आणि कोरडा राहिलेला कमोडोर ६४ : सांगलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या घरातलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. विजेचे आकडे आणि कामाचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

या घरातले थोरले भाऊ ऐंशीच्या दशकात मस्कतला नोकरीला होते. एका सुट्टीत येताना त्यांनी कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासोबत कॅसेट चालवायचं डेटासेट. १९८२ साली बाजारात आलेलं हे मशीन. कीबोर्डच्या पेटीतच सगळा कॉम्प्युटर, ६४ किलोबाइट मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही. मस्कतची वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि टीव्हीची पद्धत आपल्यासारखीच पाल, त्यामुळे तीन चपट्या पिनांचा प्लग बदलला की मशीन सांगलीत चालू. घरातली दोन-तीन मुलं त्याच्यावर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली. पुढे पीसी आले आणि हा कॉम्प्युटर कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे जमिनीवर ठेवायचा तो काळा जड ठोकळा, खालच्या कपाटात जुन्या वायरी आणि एक्स्टेन्शन बोर्डांबरोबर राहिला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागातल्या अनेक घरांचा तळमजला बुडाला. या घरातलं ते कपाटही बुडालं. माळा कोरडा राहिला.

काही वर्षांनी थोरल्या भावांची मुलगी, जी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो कॉम्प्युटर घेऊन माझ्या दुकानात आली. बरोबर तिचे काका होते. पिशवीत मशीन, डेटासेट, कॅसेटचा डबा आणि तो ठोकळा. ठोकळ्याच्या वायरीच्या तोंडाशी वाळलेला गाळ अजून चिकटलेला होता. मी इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो. पुरानंतरच्या महिन्यांत असा गाळ मिक्सरमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, मोटारींच्या स्टार्टरमध्ये इतका पाहिला होता की तो ठोकळा प्लगला लावायचा नाही, हे बघताक्षणी ठरलं.

अडचण

ताईंचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता. "दादा, यावर पाच व्होल्ट लिहिलंय. माझ्याकडे पाच व्होल्टचे दहा चार्जर आहेत. त्यातला एक जोडता येणार नाही का?"

अडचण समजायला आधी या मशीनचा सप्लाय नेमका काय देतो ते पाहायला हवं. ठोकळ्यातून दोन वेगळे पुरवठे निघतात : ५ व्होल्ट डीसी, दीड अँपिअर आणि ९ व्होल्ट एसी, एक अँपिअर. दोन्ही एकाच सात पिनांच्या गोल डीआयएन प्लगमधून मशीनमध्ये जातात. पिन ५ वर अधिक पाच व्होल्ट, पिन २ वर ग्राउंड, पिन ६ आणि ७ वर एसी.

नऊ व्होल्ट एसी बघून बरेच जण गोंधळतात. मशीनच्या आत त्या एसीची बरीच कामं असतात. जुन्या बोर्डांवर त्यातूनच १२ व्होल्ट तयार होतात आणि ते चित्र काढणाऱ्या व्हीआयसी चिपला आणि आवाजाच्या एसआयडी चिपला जातात. त्याच एसीतून एक वेगळा पाच व्होल्ट निघतो, ज्यावर व्हीआयसी आणि क्लॉकचं सर्किट चालतं. डेटासेटची मोटर त्यावर फिरते. सीआयए चिपमधलं घड्याळ त्याच एसीचे ५० ठोके मोजून वेळ धरतं. म्हणून एसीच्या जागी ९ व्होल्ट डीसी देऊन भागत नाही. एसी मिळालाच नाही तर मशीनचा लाल दिवा नीट लागतो, पडदा मात्र काळा राहतो. कितीतरी चांगली मशीन्स या एका लक्षणावरून मेलेली ठरवली गेली असतील.

पाच व्होल्टचा भाग त्याहून नाजूक आहे, आणि या प्रकरणातला प्रत्येक निर्णय शेवटी त्याच्यावरच आला. मोबाइलच्या आत स्वतःचं चार्जिंग सर्किट असतं. बाहेरून येणारा व्होल्टेज थोडा इकडेतिकडे झाला तरी ते सांभाळून घेतं. त्याच काळातल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरमध्येही बाहेरून ९ व्होल्ट डीसी येतात आणि आतला ७८०५ हा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग, त्यांचे पाच करतो. (स्पेक्ट्रमवाल्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्याच्या प्लगची मधली पिन ऋण असते. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्यात अगदी चपखल बसतो, पण त्याची मधली पिन धन असते.) कमोडोर ६४ मध्ये मुख्य पाच व्होल्टला आत रेग्युलेटरच नाही. ठोकळ्यातून येणारा पाच व्होल्ट स्विचमधून निघून थेट मेमरीच्या आठ ४१६४ चिपा, प्रोसेसर, पीएलए, सगळ्यांच्या पायांवर जातो. या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. खाली गेलं तर मशीन अडखळतं आणि वर गेलं तर चिपा जातात.

मूळ ठोकळ्याची जी गोष्ट जगभर माहीत आहे तीही इथेच येते. त्यातला रेग्युलेटर म्हातारा होऊन गेला की बऱ्याचदा पाच व्होल्ट बंद पडत नाही, उलट वाढतो. सहा, सात किंवा त्याहून पुढे. मेमरी सहसा सगळ्यांत आधी बळी पडते. एसआयडी आणि व्हीआयसी या मूळ चिपा आता कुणी बनवत नाही. बहुतेक जुन्या मशीनमधून काढलेल्याच मिळतात.

म्हणून मी काकांना आणि ताईंना सुरुवातीलाच सांगितलं की चालणारा सप्लाय बनवणं हे निम्मं काम आहे. तो कधीतरी बिघडणारच. बिघडताना मशीनला हात न लावता बिघडला पाहिजे, हे उरलेलं निम्मं, आणि माझा जास्त वेळ त्यातच जाईल.

समोरचे पर्याय

भिजलेला ठोकळा स्वच्छ करून वाळवायचा, ही काकांची इच्छा होती. भावाची वस्तू, जशी होती तशी चालावी. पण या ठोकळ्याच्या आत सगळं राळेत ओतून घट्ट केलेलं असतं. फोडल्याशिवाय उघडत नाही, आणि वायरीच्या तोंडातून गाळाचं पाणी कुठवर गेलं ते दिसत नाही. २३० व्होल्टच्या बाजूला ओल राहिली असेल तर धोका मशीनपुरता राहत नाही, माणसापर्यंत जातो. समजा तो पूर्ण कोरडा निघाला, तरी वर सांगितलेला रेग्युलेटर आतच. मी नाही म्हटलं. ठोकळा घरात आठवण म्हणून ठेवा, फक्त त्याची मेनची वायर कापून टाका, म्हणजे पुढे कुणी चुकून लावणार नाही. काकांनी ती तिथेच माझ्यासमोर कापायला लावली.

दुसऱ्या कुणाकडचा जुना मूळ ठोकळा विकत घ्यायचा, हा पर्याय याच कारणासाठी बाद झाला. आज मोजला तर बरोबर पाच व्होल्ट देईल, पण उद्याचं काही सांगता येत नाही.

परदेशात या मशीनसाठी नवे तयार सप्लाय बनवून विकणारे आहेत. त्यातले काही चांगले आहेत, आणि ज्याला स्वतः सोल्डरिंग करायचं नाही त्याने खुशाल तोच मार्ग धरावा. इथे तो नाकारण्याचं कारण साधं होतं : बिघडला तर सांगलीत दुरुस्त होईल असा सप्लाय काकांना हवा होता.

मग ताईंचा चार्जर. तोंडी नाही म्हणण्यापेक्षा मोजून दाखवणं बरं, म्हणून त्यांच्याच पर्समधला चार्जर आणि वायर घेतली. वायरीच्या टोकाला ४.७ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावला, म्हणजे साधारण एक अँपिअरचा भार, कॉम्प्युटर घेतो तितकाच. चार्जरच्या तोंडाशी ५.०६ व्होल्ट आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला ४.६२. वायर बारीक होती, अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. ताईंनी दुसरी, जाड वायर लावून पाहिली. ४.८१ आले. "म्हणजे वायर बदलली की कॉम्प्युटर चालणार किंवा नाही चालणार?" त्यांनी विचारलं. हो, तसंच. शिवाय चार्जरच्या आत काय आहे आणि तो बिघडेल तेव्हा काय करेल, हे कुणालाच ठाऊक नसतं.

पीसीचा जुना एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय, वापरायचा, हा दुकानातल्या माझ्या मदतनिसाने सुचवलेला पर्याय. वरवर पाहता उत्तम : पाच व्होल्ट तयार, पंखा आहे, जास्त व्होल्टेज झालं तर बंद पडायची सोयही आहे. पण एटीएक्स या पीसीच्या सप्लायच्या मानकात पाच व्होल्टच्या लाइनचं संरक्षण ५.७४ ते ७.० व्होल्टच्या दरम्यान कधीही काम करू शकतं. आपल्या चिपांसाठी हे फार उशिरा झालं. दुसरं म्हणजे तो पाच व्होल्टवर वीस-वीस अँपिअर देऊ शकतो. बारीक डीआयएन वायर कुठे शॉर्ट झाली तर एसएमपीएसला ते कळणार नाही आणि वायर तापून वितळेल. पर्याय बाद.

मशीनच्या आतच बदल करायचा, एसी काढून टाकायचा आणि एका १२ व्होल्ट डीसीवर सगळं चालवायचं, असंही काही जण करतात. त्यासाठी बोर्डावर कापाकापी करावी लागते. घड्याळाचे ५० ठोके जातात, मागच्या यूजर पोर्टवरचा एसी जातो. इतकी वर्षं धड राहिलेल्या बोर्डावर हत्यार चालवायचं माझ्या मनाला पटलं नाही. जो बदल पुन्हा जसाच्या तसा उलटवता येत नाही तो मशीनमध्ये करायचा नाही, एवढं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.

उरला तो पर्याय आम्ही घेतला : बाजारात मिळणारा जाळीदार पत्र्याच्या डब्यातला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा एसएमपीएस, त्याच्या जोडीला ९ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर, आणि दोघांच्या पुढे पहारेकरी म्हणून एक तोडणारं सर्किट.

पहिला निर्णय : ट्रान्सफॉर्मर

सांगलीच्या दुकानात ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर लगेच मिळतो. त्यात तीन वायरी असतात. दोन टोकं घेतली तर १८ व्होल्ट मिळतात. मधली आणि एक टोक घेतलं तरच ९. नंतर कुणी दुरुस्तीला उघडलं आणि वायरी बदलून जोडल्या तर? म्हणून ०-९ चाच, दोनच वायरी असलेला मागवला.

किती अँपिअरचा घ्यायचा, यावर थोडा विचार करावा लागला. मशीनला एक अँपिअर पुरतो. पण लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना बराच वर चढतो. काकांच्या घरी मेनचा व्होल्टेज दुपारी २१२ आणि रात्री उशिरा २५१ आला होता. एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर रात्रीच्या व्होल्टेजवर भार नसताना १२ च्या पुढे गेला. दोन अँपिअरचा १०.९ वर थांबला आणि भार दिल्यावर १०.४ वर आला. मशीनच्या आतले ७८१२ आणि ७८०५ हे रेग्युलेटर एवढं आरामात झेलतात, फक्त थोडे जास्त तापतात. दोन अँपिअरचा घेतला. वजन वाढलं, ते चालतं.

दुसरा निर्णय : तोडणारं सर्किट

या कामात सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला.

पहिला विचार क्रोबारचा होता. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की एक एससीआर (इशारा मिळताच लागणारा आणि करंट थांबेपर्यंत लागूनच राहणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पाच व्होल्टची लाइन सरळ ग्राउंडला शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. जुनी, विश्वासाची पद्धत आहे, आणि अगदी वेगवान. ती मी टेबलावर बांधली. भार म्हणून रेझिस्टर, मालिकेत २ अँपिअरचा फ्यूज, आणि एसएमपीएसवरचा छोटा प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) फिरवून व्होल्टेज मुद्दाम वाढवत नेला.

एससीआर बरोबर वेळेवर लागला. फ्यूज मात्र उडाला नाही. हे एसएमपीएस स्वतःचा करंट मर्यादेत ठेवतात. शॉर्ट दिसला की क्षणभर बंद होतात, पुन्हा चालू होऊन पाहतात, पुन्हा बंद. डब्यातून बारीक टिकटिक ऐकू येत होती. सीआरओच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर पाच व्होल्टची लाइन प्रत्येक टिकेला वर उसळी मारून खाली पडत होती. मधल्या क्षणात करंट थांबला की एससीआर सुटायचा, आणि पुढच्या उसळीला पुन्हा लागायचा. सरासरी करंट फ्यूज वितळवण्याइतका कधी होतच नव्हता. म्हणजे खऱ्या बिघाडात, कुणी येऊन प्लग काढेपर्यंत, मशीनला वाढलेल्या व्होल्टेजचे ठोसे बसत राहिले असते. क्रोबार जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायसाठी उत्तम आहे, कारण तिथे करंट अडवणारं कुणी नसतं आणि फ्यूज खात्रीने उडतो. या एसएमपीएसच्या पुढे एकट्या क्रोबारवर भिस्त ठेवता येणार नव्हती.

मग रिलेकडे, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचकडे, वळलो. इथे आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असलेली रचना कामी आली : उसाच्या मोटारीचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढते आणि स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवते. वीज गेली की सुटते. वीज परत आली तरी आपोआप लागत नाही, माणसाला जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. काकांना हे सांगताच त्यांना पुढचं काही समजवावं लागलं नाही.

तसंच छोट्या प्रमाणावर बांधलं. पाच व्होल्टच्या, दोन पोलच्या दोन रिले, कॉइल समांतर. पहिल्या रिलेचा एक कॉन्टॅक्ट स्वतःला धरण्यासाठी, दुसरा मशीनच्या पाच व्होल्टसाठी. दुसऱ्या रिलेच्या कॉन्टॅक्टमधून ९ व्होल्ट एसी. सुटले की दोन्ही पुरवठे एकदम सुटतात, मशीनला अर्धवट वीज मिळत नाही. कॉइलच्या मालिकेत एक ट्रान्झिस्टर आणि त्याच्या बेसवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर) ताबा ठेवणारा टीएल४३१. हा छोटा तीन पायांचा भाग आपल्या मोजणीच्या पायावर अडीच व्होल्ट दिसले की वाहू लागतो. त्या पायाला पाच व्होल्टचा ठरावीक हिस्सा दोन रेझिस्टरमधून मिळतो : खालचा रेझिस्टर १० के (किलोओहम), वरचा १० के आणि त्याच्या मालिकेत २ के चा प्रीसेट. मर्यादा ५.४० व्होल्टला लावली.

इथे बांधणाऱ्यांसाठी एक बारकावा. टीएल४३१ वाहू लागला तरी त्याचा कॅथोड शून्यावर येत नाही, दोन व्होल्टच्या आसपास थांबतो. सरळ ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडला तर ट्रान्झिस्टर बंद होतच नाही आणि संरक्षण नुसतं दिसायला राहतं. म्हणून बेसच्या वाटेत एक लाल एलईडी आणि एक डायोड घातला. ते दोघे आणि बेस मिळून तीन व्होल्ट खातात, त्यामुळे दोन व्होल्टवर ट्रान्झिस्टर पक्का बंद. तोच एलईडी "सगळं ठीक" असल्याचा दिवा झाला.

आणखी एक गोष्ट जपली. हिरवं बटण फक्त धरणाऱ्या कॉन्टॅक्टला समांतर आहे. ट्रान्झिस्टर दोघांच्याही मालिकेत आहे. त्यामुळे व्होल्टेज जास्त असताना कुणी बटण दाबून धरलं तरी रिले लागत नाही.

लाल बटण कॉइल तोडतं. मशीन बंद करताना आधी तेच दाबायचं, असं काकांना सांगितलं. कारण रिलेचा कॉन्टॅक्ट कधी चिकटून बसला तर तो सुटणार नाही आणि पहारेकरी झोपलाय हे कळणारही नाही. रोज लाल बटणानेच बंद केलं तर रोज आपोआप तपासणी होते. बटण दाबूनही मशीनचा लाल दिवा लागलेलाच राहिला तर सप्लाय माझ्याकडे आणायचा.

जोडणी आणि पहिला प्रकाश

सात पिनांचा डीआयएन प्लग सांगलीत मिळाला नाही. जुन्या टेपरेकॉर्डरचे पाच पिनांचे मिळाले. ताईंनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून सातवाला आणला. या प्लगच्या पिनांचे क्रमांक ओळीने येत नाहीत, आणि नकाशा कोणत्या बाजूने काढलाय त्यावर सगळं अवलंबून असतं. प्लगच्या सोल्डरच्या बाजूने बघताना जे डावं, ते तोंडाच्या बाजूने बघताना उजवं. इथे गल्लत झाली तर ९ व्होल्ट एसी पाच व्होल्टच्या पिनेवर जाईल, आणि आपण बांधलेला पहारेकरी त्याच्या मागे उभा असल्याने काहीच करू शकणार नाही. म्हणून सोल्डर करण्याआधी प्लग मशीनच्या सॉकेटमध्ये बसवला, आणि मल्टिमीटरच्या बीपने एकेक पिन यूजर पोर्टच्या कडेपर्यंत तपासली. तिथे पिन १ ग्राउंड, पिन २ पाच व्होल्ट, १० आणि ११ एसी. मशीनचा स्विच चालू ठेवावा लागतो, नाहीतर बीप येत नाही.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची, एक मीटर. यात जाण्यायेण्यात एका अँपिअरला ०.०५ व्होल्ट पडतात. एसएमपीएस ५.१० ला लावला, मशीनच्या आत ५.०४ मिळाले. एसएमपीएसच्या प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकून तो गोठवला.

मशीनशी जोडण्याआधी सप्लाय रात्रभर रेझिस्टरच्या भारावर ठेवला, दोन्ही बाजूंनी. सकाळी पाच व्होल्ट जागच्या जागी होता, ट्रान्सफॉर्मर हाताला कोमट. मग नेलपॉलिश लावण्याआधी जशी घेतली होती तशीच चाचणी आणखी एकदा, या वेळी बाहेरच्या बेंच सप्लायने पहारेकऱ्याला व्होल्टेज देऊन : ५.४२ वर "टक्" आणि दोन्ही लाइन मेल्या. खाली आणलं, तरी मेलेल्याच. हिरवं बटण दाबल्यावर लागल्या.

मशीन उघडून पाहिलं. गंज नव्हता, कपॅसिटर फुगलेले नव्हते, पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नव्हता. जोडलं. निळा पडदा आला आणि त्यावर ३८९११ बेसिक बाइट्स मोकळे असल्याची ओळ. पाच व्होल्टवर करंट ०.९ अँपिअर. डेटासेटची मोटर चालू केल्यावर एसी थोडासा बसला, पाच व्होल्ट हलला नाही. ताईंनी पहिल्याच झटक्यात स्वतःचं नाव छापत राहणारा दोन ओळींचा प्रोग्राम टाइप केला. बोटांना आठवत होतं.

घरी नेताना आलेला अडथळा

पत्र्याच्या डब्यातल्या एसएमपीएसला अर्थिंग लागतंच. त्याच्या आतले छोटे कपॅसिटर डब्याकडे किंचित करंट सोडतात. अर्थिंग नसेल तर डब्याला आणि त्याच्या मागून मशीनला झिणझिण्या येतात. काकांच्या घरी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थच्या पिनेत लावला. दिवा लागला नाही. तिसरी पिन नुसती शोभेची होती. पुरानंतर तळमजल्याचं वायरिंग नवीन झालं होतं, अर्थची वायर मात्र बोर्डापर्यंत आलेलीच नव्हती.

दोन वाटा होत्या. एसएमपीएस काढून ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरचा सप्लाय बांधायचा, ज्याला अर्थिंगवाचून चालतं. किंवा अर्थिंग करून घ्यायचं. पहिली वाट मला सोपी होती, पण ज्या घरात फ्रिज आणि गिझर अर्थिंगवाचून चाललेत तिथे फक्त कॉम्प्युटरची सोय बघून परत यावं हे बरोबर वाटलं नाही. काकांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी वायरमन बोलावून अंगणात अर्थिंगचा खड्डा करून घेतला, आणि ते झाल्यावरच सप्लाय घरी गेला.

निष्पत्ती

सप्लाय तेव्हापासून चालू आहे. सुट्टीत ताई येतात तेव्हा मशीन लागतं. काका एरवीही कधीकधी जुन्या कॅसेट लावून बघतात. भागांचा सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसला. अर्थिंगला त्याहून जास्त लागले.

एकदा पावसाळ्यात काकांचा फोन आला. वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटर लागत नाही. हिरवं बटण दाबलंत का, असं विचारलं. दाबलं आणि लागला. त्याच वेळी गल्लीतल्या दोन घरांचे सीएफएल गेल्याचंही त्यांनी सांगितलं. वीज परत येताना व्होल्टेज चढलेला असणार, आणि त्या क्षणी मशीन लाइनपासून तुटलेलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

त्या फोनने एक उणीव दाखवली. रिले वीज गेल्याने सुटली की व्होल्टेज वाढल्याने, हे डब्याकडे बघून कळत नाही. दोन्ही वेळा फक्त दिवा विझलेला दिसतो. व्होल्टेजमुळे सुटली असेल तर लागून राहणारा वेगळा पिवळा दिवा हवा. त्यासाठी एक छोटा एससीआर आणि एलईडी पुरतो. ते फार महत्त्वाचं आहे, कारण पिवळा दिवा लागला तर हिरवं बटण दाबायचंच नाही, सप्लाय तपासायला आणायचा.

दुसरा बदल क्रोबारचा. रिलेला सुटायला काही मिलिसेकंद लागतात. एसएमपीएस हळूहळू चढत गेला तर ते पुरेसं आहे, पण एकदम उसळला तर तेवढा वेळही चिपांसाठी जास्त. एकटा क्रोबार इथे चालला नाही म्हणून मी तो पूर्ण बाजूला ठेवला होता. आता मी दोन्ही एकत्र लावेन : एससीआर पहिल्या मायक्रोसेकंदांत लाइन दाबून धरेल आणि तोवर रिले सुटून काम पुरं करेल, म्हणजे उसळ्या मारायला लाइनच उरणार नाही.

तिसरं, ९ व्होल्ट एसीच्या बाजूला मी फक्त फ्यूज ठेवला आहे. मेन २५१ च्याही वर जाऊ लागलं तर आतले रेग्युलेटर तापत राहतील. ट्रान्सफॉर्मरच्या आधी मेनवरच व्होल्टेज बघून तोडणारा तयार प्रोटेक्टर लावणं सोपं आहे आणि तो सांगलीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात फ्रिजसाठी म्हणून मिळतो.

अर्थिंगची तपासणी मात्र मी पहिल्याच दिवशी, पर्यायांचा विचार करण्याआधी करायला सांगेन. घराची वीज कशी आहे ते कळल्याशिवाय एसएमपीएस की ट्रान्सफॉर्मर हे ठरवताच येत नाही. ताईंनी आता वडिलांच्या एका मित्राचा स्पेक्ट्रम मिरजेहून आणायचं ठरवलंय. त्यांना मी आधी तिथल्या बोर्डाच्या तिसऱ्या पिनेत टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगितलं आहे, आणि मशीनबरोबर जो अडॅप्टर मिळेल तो न लावता आणायला.